झोपेतून उठून वाचता येईल अशी

महापे, चौथा मजला. बैठक साडेचारची,
सुरू झाली पाच वाजून दहाला, कारण लिजोला
फळ्यावर उमटेल असा एकही मार्कर सापडेना.
शेवटी एक हिरवा मिळाला, मरायला टेकलेला.
म्हणून सगळ्या भाषा हिरव्या, खाली खाली फिकट होत गेलेल्या:
जावा, गो, पायथन, नोड,
आणि तळाशी, पंगत उठल्यावर
वाढप्याची आठवण व्हावी तसं, पीएचपी.

आमचं जे काही चालू आहे ते तिच्यातच. नऊ वर्षं.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात रात्रीची गाडी लागते,
गोणी काट्यावर चढते, आकडा आमच्याकडे येतो,
आम्ही पावती परत पाठवतो.
एवढंच करतो आम्ही. मुलाखती घेताना मात्र वेगळं सांगतो.

लिहिलं केणींनी. ते आता मस्कतला असतात.
त्यांच्या कोडमध्ये एका ओळीवर टीप आहे:
हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.
सोवळ्यासारखं पाळलं आम्ही.

तौसिफ म्हणाला, गो. त्याच्या आवाजात
शोरूममधून नवी बाईक बघून आलेल्या माणसाची घाई.
शर्वरी जावाच्या बाजूची; तिने तक्ताच आणलेला,
कुठल्या भाषेची माणसं ऐरोलीत किती मिळतात, कितीला मिळतात,
पापलेटाचे भाव असावेत तसा.
लिजो म्हणाला, एकच भाषा घेऊ, पुढेही तीच, मागेही तीच.
मी म्हटलं, अशी माणसंसुद्धा मी पाहिलेली नाहीत.
कोणी हसलं नाही.

घणसोली गावात आई विचारते, "क करतंस गो दिसभर?"
त्यातला गो म्हणजे मी.
पहिल्या नोकरीत माझ्या तोंडून 'मना नाय ठाव' गेलं
तेव्हा एका सीनियरने ते दुरुस्त केलं, अगदी प्रेमाने.
तेव्हापासून पडद्यावर एक भाषा दिसते
आणि मागे दुसरी चालू असते, अजून पडलेली नाही.
हे फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं.

निर्णय झाला नाही. चहा झाला.

त्याच रात्री दोन पन्नासला फोन. पावती निघत नाही.
स्कूटी काढली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर
टँकर, कुत्री आणि मी.
काट्याजवळ आनंदा येवले, मापाडी,
बिडीच्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलने वजनं उतरवत होते.
एकशे चौदा गोण्या, एक आकडा खोडलेला नाही.
मी गोणीवर लॅपटॉप ठेवला. तीच ओळ.
हात लावू नये.
लावला.

येवले वाकून बघत राहिले.
"कंच्या भाषेत हाय हे?"
नाव सांगितलं.
"ज्यानं लिवलं त्याला येत आसंल. तुमाला वाचता येतंय का,
आसं झोपेतनं उठून?"

तीन बेचाळीसला पहिली पावती निघाली.
बावन्न किलो सहाशे. त्यांनी ती पाकिटाशी ताडून पाहिली,
मग दुसरी, मग तिसरी. चौथी तशीच खिशात घातली.

सकाळी फळा अर्धा आपोआप पुसला गेला होता.
उरलेलं मी पुसलं आणि जावा ठेवली.
शब्दबंबाळ आहे, एक गोष्ट तीनदा बजावते,
लग्नातल्या आत्यासारखी; पण जांभई देतानाही कळते.
शर्वरी खूश झाली, भलत्याच कारणासाठी.
तौसिफ दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने नवी फाइल उघडली.
वरच्या ओळीत माझी टीप. सर्वर टिपा वाचत नाही,
ओलांडून पुढे जातो.
तौसिफ मुंब्र्याचा. त्याने मोठ्याने वाचलं, सावकाश:
"यो क करतं त्या खाली लिवलंय. नाय समाजला त मना उठव."
'क'पाशी अडखळला.
विचारलं त्याने.
सांगितलं.